नये, नका, नकोस

भायखळ्याच्या पॉलिटेक्निकात, दुसऱ्या मजल्यावर
बुधवारी दुपारी मी तांत्रिक लेखन शिकवते.
अभ्यासक्रमात छापलंय : शैलीचे प्रकार लिहा, आठ गुण.
वाचक हा शब्द पुढच्या पानावर येतो,
तोही कंसात.

ओजस पिंपुटकरने पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं :
"झाकण उघडण्यापूर्वी दाब शून्यावर आल्याची
खात्री करून घेण्यात यावी."
वर्गाने माना डोलावल्या. वाक्याला कडक इस्त्री होती.
मी विचारलं, कुणी?
तो म्हणाला, कुणी म्हणजे?
खात्री कुणी करून घ्यायची, ओजस?
खिसे चाचपावेत तसं त्याने वाक्य पुन्हा चाचपलं.
आत माणूस नव्हता.

म्हणून त्यांना गोवंडीला नेलं,
पालिकेच्या प्रसूतिगृहात, तळमजल्यावर,
जिथे सगुणाबाई तांडेल एकवीस वर्षं
कात्र्या, चिमटे, कापसाचे डबे वाफेवर ठेवतात.
चष्मा आहे त्यांना. पण वाफेने धुरकटतो,
म्हणून कामाच्या वेळी तो पदराच्या गाठीत असतो.

मुलांनी आपापली पानं पुढे केली.
ओजसचं पान त्यांनी हातभर लांब धरलं,
ओठ हलवत गेल्या, "घेण्यात यावी"पाशी अडखळल्या,
म्हणाल्या, "हे मेट्रनबाईंना सांगितलंय ना?"

रुबिना मुकादमने तीन पट्ट्या कापून आणल्या होत्या.
हात लावू नये.
हात लावू नका.
हात लावू नकोस.
मॅडम, यातली बरोबर कुठली?
मला व्याकरणातलं उत्तर येत होतं. गप्प बसले.
सगुणाबाईंनी पहिली पट्टी बाजूला ठेवली,
"ही देवळातली. चपला घालून येऊ नये."
दुसरी, "ही बागेतली. फुलं तोडू नका.
सगळे तोडतात."
तिसरी हातातच राहिली.
"ही आई म्हणायची. चुलीपाशी."
पण डॉक्टरांनी वाचलं तर? त्यांना नकोस कसं चालेल?
ओजसच तो.
"त्यांनी कधी झाकण उघडलंय, बाळा?"

यंत्रामागे भिंतीवर चिकटपट्टीचा तुकडा होता,
जखमेवर लावतात ती. वर बॉलपेनने :
काटा पडला? मग चहा. मग झाकण.
"रात्रपाळीला नवी पोरगी आलीय, तिच्यासाठी.
इथलं घड्याळ बंद असतं.
चहा कधी बंद नसतो."
रुबिनाने तिन्ही पट्ट्या हळूच पर्समध्ये टाकल्या.

शेजारी खिळ्याला, प्लास्टिकच्या पिशवीत,
कंपनीची माहितीपुस्तिका.
पान तीन मी उघडलं नाही.
पान तीन मला पाठ आहे.
भांडुपच्या कारखान्यात, थंडगार खोलीत बसून
सव्वीस वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं ते,
"सदर" चार वेळा, "उपरोक्त" दोनदा.
साहेब म्हणाले होते, वा, काय भाषा आहे.
सगुणाबाईंच्या उजव्या मनगटावर, बांगड्यांच्या वर,
एक गुळगुळीत, केस नसलेला पट्टा आहे.
कधीचा, ते मी विचारलं नाही.
मुलांनाही पान तीनचं काही बोलले नाही.
बोलायला हवं होतं.

परीक्षेत शैलीचे प्रकार आलेच, आठ गुणांना.
ओजसने एकही प्रकार लिहिला नाही. लिहिलं :
वाचक सगुणाबाई तांडेल. वेळ रात्री दीड.
चष्मा पदरात. एक हात डब्यात अडकलेला.
म्हणून वाक्य उरलेल्या हातात मावेल एवढंच.
आणि खाली, जुन्या सवयीने,
"याची नोंद घेण्यात यावी."

समासात लाल पेनाने लिहिलं, कुणी?
सात गुण दिले.
मग बराच वेळ पुढचा पेपर ओढला नाही.